गाठी निघाल्या, पण हात का वर जात नाही?

(दोन्ही खांदे उडवून दाखवते)

नमस्कार. "मला काय माहीत?" म्हणताना आपण खांदे उडवतो, तसे मी आत्ता उडवले. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसाला हेच करायला सांगा. बऱ्याचदा एक खांदा वर येतो आणि दुसरा जागच्या जागी राहतो.

मी सोलापुरात फिजिओथेरपी करते. ऑपरेशनच्या आधी लोक विचारतात, बोलता येईल का, गिळता येईल का, चेहरा कसा दिसेल. खांद्याबद्दल कुणी विचारत नाही. मग दोन महिन्यांनी विडी वळणाऱ्या एक मावशी येतात आणि म्हणतात, "मॅडम, पदर राहीना झालाय खांद्यावर." ऑपरेशन गालाचं, मग पदराचा काय संबंध? तोच आज सांगते.

पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, म्हणजे तिथली गाठ सुजते, हे आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांनाही माहीत असतं. गाल आणि जीभ यांची अवधाणाची जागा म्हणजे मान. कॅन्सरच्या पेशी तिथल्या गाठींत जाऊन बसतात. म्हणून गालावरचा भाग काढताना मानेतल्या गाठीही काढतात. याला नेक डिसेक्शन म्हणतात.

"पण मानेला गाठ लागतच नाही, मग मान कशाला कापायची?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं दिलं. आजार सुरुवातीचा, मानेत गाठ नाही, अशा 500 रुग्णांचा अभ्यास 2015 साली छापून आला. काहींच्या गाठी पहिल्या ऑपरेशनलाच काढल्या, काहींच्या बाबतीत गाठ दिसेपर्यंत थांबले. तीन वर्षांनी पहिल्या गटात 80 टक्के लोक हयात होते, थांबलेल्या गटात 67.5. आधीच काढलेल्या गाठी तपासल्या, तर जवळजवळ 30 टक्के रुग्णांत आजार लपून बसलेला सापडला. तेव्हा मान उघडायला नको म्हणू नका. खांद्याचं ऐकून घाबरून ऑपरेशन टाळायचं, यासाठी हा व्हिडिओ नाही.

आता खांदा. मेंदूतून निघणारी अकरावी नस मानेतून तिरकी खाली येते आणि पाठीच्या वरच्या मोठ्या स्नायूला चालवते. मार्केट यार्डातला हमाल पोतं घेतो, ते ज्या मांसावर टेकतं तोच हा स्नायू. नेमक्या या नसेभोवती गाठी असतात. 1906 साली जॉर्ज क्राइल या अमेरिकन सर्जननं हे ऑपरेशन मांडलं, त्यात नस, मानेचा मोठा स्नायू आणि मोठी शीर सगळंच काढून टाकत. पुढे अर्जेंटिनाच्या सुआरेझ यांनी दाखवलं की हे तिन्ही ठेवूनही गाठी काढता येतात. आज शक्य असेल तिथं नस वाचवतात. गाठ नसेला चिकटली असेल तर मात्र इलाज नसतो.

आणि इथंच घोळ होतो. "नस वाचवली" हे ऐकून घरचे निर्धास्त होतात. पण गाठी काढताना नस बाजूला ओढावी लागते, ती दुखावते आणि काही महिने, कधी वर्षभरही, नीट काम करत नाही. खांदा खाली उतरतो, हात बाजूनं खांद्याच्या वर जात नाही, अंघोळीचा तांब्या डोक्यावर ओतता येत नाही. दुखतं म्हणून माणूस हात हलवायचा सोडतो, आणि मग सांधाही धरतो. नसेला वेळ द्यावा लागतो हे खरं, पण सांधा धरणं बरंचसं टाळता येतं.

बाकीचे त्रास पटकन सांगते. कानाची पाळी बधिर होते, दाढी करताना जपा. ओठाचा कोपरा वाकडा होऊन चहा ओघळतो, ओठाची नस शाबूत असेल तर बहुतेक वेळा सुधारतो. ऑपरेशननंतर मान एकदम फुगली किंवा श्वास अडला तर क्षणभरही थांबायचं नाही, सिस्टरला हाक मारा. ऑपरेशननंतर मानेला लावलेल्या नळीतून दुधासारखं पांढरं येऊ लागलं तर लपवू नका. मानेच्या तळाशी, जास्त करून डाव्या बाजूला, जेवणातली चरबी वाहून नेणारी नळी असते, ती गळत असते. 100 पैकी एक-दोघांना हे होतं. मग डॉक्टर बिनचरबीचं जेवण सांगतात. इथं आपलं सोलापूर आडवं येतं, कारण डब्यात शेंगाची चटणी असतेच! ती त्या दिवसांत बंद. बऱ्याच वेळा एवढ्यानं गळती थांबते, जास्तच असेल तर पुन्हा ऑपरेशन लागतं.

गाठीचा आजार तिच्या आवरणाबाहेर फुटला असेल तर रेडिएशनसोबत केमोही देतात. रेडिएशन ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू झालेलं बरं. "गड्ड्याची जत्रा होऊ द्या, मग बघू," असं मी कानांनी ऐकलंय. जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, प्रत्येक वेळी मुंबईच गाठायला पाहिजे असं नाही. रेडिएशननं मान आणखी आखडते, म्हणून त्या काळातही व्यायाम सोडायचा नाही.

व्यायाम कधी सुरू करायचा हे तुमच्या सर्जनला विचारा, विशेषतः काढलेली जागा भरायला छातीचं मांस लावलं असेल तर. हात दिवसभर झोळीत अडकवू नका, बसताना हाताखाली उशी घ्या. कुणी चोळून, ओढून हात वर करून देत असेल तर नको म्हणा. घागर, पिशवी त्या हातात नको.

आणि हे घरी करा. (भिंतीकडे वळते) भिंतीसमोर उभं राहायचं, बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं. बोट जिथं थांबेल तिथं पेन्सिलीची खूण, शेजारी तारीख. त्या विडीवाल्या मावशींच्या खुणा आता कॅलेंडरच्या खिळ्याच्या वर गेल्यात. पदराला मात्र त्या अजून पिन लावतात.