अजिंक्यतारा चढताना लक्ष कुठे ठेवायचं?

नमस्कार मंडळी. सकाळी साताऱ्यातल्या अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्याला चालणाऱ्यांची गर्दी असते. व्यायाम छान होतो, पण बऱ्याच जणांचे पाय चढावर आणि डोकं ऑफिसात असतं. याच चढावर सजगता आणि कृतज्ञता यांचा सराव कसा करायचा, ते आज बघू.

यात क्रम महत्त्वाचा आहे. चढताना फक्त लक्ष द्यायचं, आभार वर पोहोचल्यावर मानायचे. धाप लागलेली असताना मनात नीट विचार जुळत नाहीत. मग ‘सगळ्यांचे आभार’ असं नुसतं घोकणं होतं आणि चार दिवसांत कंटाळा येतो.

समर्थ मंदिर ते बोगदा हा टप्पा अंग गरम करायला ठेवा. पाच-सात मिनिटं सावकाश चाला. इअरफोन काढा, फोन खिशात टाका. रस्त्याला गाड्या असतात, त्यामुळे डोळे-कान उघडेच हवेत.

गडाचा चढ सुरू झाला की शंभर पावलं लक्ष फक्त तळपायावर. (पाऊल दाखवत) टाच टेकतेय का, की नुसत्या चवड्यावर चढताय? सतत चवड्यावर चढलं की पोटऱ्या लवकर भरून येतात. पाऊल छोटं घ्या, तळवा पूर्ण टेकवा.

पुढची शंभर पावलं श्वासावर. किती पावलांत आत जातोय, किती पावलांत बाहेर येतोय, एवढंच बघा. सपाटीला तीन-तीन पावलं असतील, तर चढावर दोन-दोन होतील. होऊ द्या. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: लोक प्राणायामासारखा श्वास लांबवतात किंवा रोखतात. चढताना स्नायूंना ऑक्सिजन जास्त लागतो, तयार झालेला कार्बन डायऑक्साइडही बाहेर टाकायचा असतो. अशा वेळी श्वास अडवला की धाप वाढते, गरगरतं. एक अख्खं वाक्य न अडखळता बोलता येत नसेल, तर वेग कमी करा.

मन भटकणारच. वीजबिल आठवेल, कालचं भांडण आठवेल. भटकलंय हे ध्यानात आलं की स्वतःवर न चिडता परत तळपायावर या. हे वीस वेळा झालं तर वीस वेळा सराव झाला.

आणि दुखणं ‘स्वीकारत’ चालू नका. मांडी जळजळणं वेगळं, गुडघ्यात टोचणं वेगळं. टोचलं तर मागे फिरा. छातीत दाब, हात किंवा जबड्यात कळ, चक्कर यांपैकी काही जाणवलं तर तिथेच बसा आणि लगेच मदत बोलवा.

वर मंगळाईच्या देवळाजवळ बसा. दोन-तीन मिनिटांत श्वास खाली बसतो. आता तीन गोष्टी आठवा, पण नेमक्या. ‘कुटुंबाबद्दल आभारी आहे’ हे फार मोघम झालं. ‘मुलांचा डबा आज बायकोने केला, म्हणून मला हा तास मिळाला’ हे नेमकं. पहाटे रस्ता झाडून गेलेले कामगार आठवा. इथवर चढवून आणलेले गुडघेही आठवा. काही सुचत नसेल तर एकावर थांबा. ओढूनताणून तीन करू नका.

अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ यांचा याच विषयावरचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. त्यात काही विद्यार्थी आठवड्यातून एकदा आभाराच्या गोष्टी लिहीत, काही त्रासाच्या. आभार लिहिणाऱ्यांचा व्यायाम आठवड्याला जवळपास दीड तास जास्त भरला. म्हणून रोज जमलं नाही तरी रविवारी लिहाच.

उतरताना आभार बंद, लक्ष पुन्हा पायावर. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या यामुळेच. गुडघे किंचित वाकलेले ठेवा, पावलं छोटी. पावसाळ्यात दगडावर शेवाळ असतं, तिथे श्वास वगैरे मोजत बसू नका.

घरी गेल्यावर डब्याचं ते वाक्य बायकोला म्हणून दाखवा. आणि उद्या डबा तुम्ही करा, म्हणजे तिलाही एक तास मिळेल.