स्नेअरच्या तारा सुटल्या तेव्हा

(दृश्य: राजारामपुरीतली सरावाची खोली. १४ इंची स्नेअर, जवळून.)

स्नेअर म्हणजे खालच्या पानाला (ताणलेल्या पडद्याला) तारांचा पट्टा लावलेला ड्रम. त्याच्या कडेला हा छोटा खटका. तो लावला की तारांचा पट्टा खालच्या पानाला टेकतो आणि घाव कोरडा, तुटक वाजतो. खटका सोडला की पान मोकळं होतं आणि घाव घणघणत राहतो.

जून २००३ मध्ये मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचा 'सेंट अँगर' हा अल्बम आला, तो या सुटलेल्या तारांसकट. बासवादक जेसन न्यूस्टेड २००१ मध्येच बाहेर पडला होता. त्याच वर्षी गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी गेला आणि काम थांबलं. अल्बमवर बास वाजवला तो निर्माता बॉब रॉकनं. गिटार उतरवून 'ड्रॉप सी' या खालच्या जुळणीत लावल्या, म्हणजे सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवरून ६५ वर. आणि गिटारचे सोलो, म्हणजे एकट्या गिटारचे तुकडे? एकही नाही.

समीक्षक दुभंगले. काहींना त्यातला कच्चा राग अस्सल वाटला. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळानं मात्र दहापैकी ०.८ गुण दिले. तरी अमेरिकेत अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर गेला आणि २००४ मध्ये शीर्षकगीताला ग्रॅमी मिळालं.

(दृश्य: खासबाग मैदान, हलगी.)

ऐकणाऱ्यांचा सगळा राग निघाला तो स्नेअरवर. पण घणघणाट हा दोष नव्हे. कोल्हापूरला हे सांगायची गरजच नाही. कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडते, खाली घुमकं घुमतं, वर कैताळ. तिघांच्या जागा वेगळ्या, म्हणून तिन्ही ऐकू येतात. 'सेंट अँगर'मध्ये स्नेअरची घणघण आणि डिस्टॉर्शनचा (गिटारच्या खरखरीत, फाटलेल्या आवाजाचा) मधला पट्टा एकमेकांवर चढतात. त्यात ११ गाणी, ७५ मिनिटं, तेच रिफ (गिटारचे छोटे तुकडे) पुन्हा पुन्हा. सोलो काढल्यानं कानाला उसंत देणारी जागाच गेली. आमच्या मते खरी चूक तिथे आहे.

(दृश्य: ड्रमर पानावर टेप लावतो.)

तारा सोडूनच वाजवायचं असेल तर काठाजवळ टेपचा एक तुकडा लावा, लांबलेली शेपटी तुटते. मधोमध लावलात तर घावच मरतो. मग पान थोडं चढवा आणि गिटारचा मिड, म्हणजे मधला पट्टा, जरा उतरवा. खाली लावलेल्या गिटारला जाड तारा हव्यातच. पातळ तारा ढिल्या पडून फडफडतात आणि सूर हलतो.

मेटॅलिकाच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक' अल्बममध्ये सोलो परतले. या वेळी तक्रार निघाली ती आवाज दाबून, फुगवून केलेल्या मास्टरिंगची, म्हणजे ध्वनिमुद्रणावरच्या शेवटच्या हाताची.