बशीवरची साय

श्रोतेहो, नमस्कार.

मी आठवीत होते. आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. आजीच्या पानाच्या डब्यातला चिमूटभर चुना मी पेलाभर पाण्यात कालवला, रात्रभर ठेवला आणि सकाळी वरची निवळी वाटीत काढली. पपईच्या देठाच्या नळीने हळूच फुंकलं. निवळी दुधासारखी पांढरी! आजी म्हणाली, "अगं, श्वासाचा खडू केलास की!" खरंच तसं होतं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याने धरला होता. उरलेली निवळी बशीत ओतली आणि खिडकीत विसरले. संध्याकाळी बघते तर तिच्यावर पातळ पांढरी साय. कुणी फुंकलं नव्हतं, साय नुसत्या हवेने धरली होती. आमच्या भिंतींचा चुनाही असाच हवा पिऊन घट्ट व्हायचा. त्या भिंतींचा गारवा आताच्या प्लास्टिक रंगांना नाही, हे मी कुणालाही सांगेन.

फुंकरीने क्षणात झालं, हवेला दिवस लागला. का? श्वासात हा वायू शंभरात चार भाग, हवेत दहा हजारांत चार. दहा हजारांत फक्त चार, हे लक्षात ठेवा.

आता सांताक्रूझवरून उडणारं विमान बघा. एक किलो इंधन जळलं की तीन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड, कारण हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो. लांबचं विमान बॅटरीवर जात नाही, बॅटरी फार जड. वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेलं इंधन मिळतं, पण थोडंच. २०५० पर्यंत विमानांचं 'निव्वळ शून्य', म्हणजे जितका वायू सोडला तितकाच परत काढला, असं उद्दिष्ट देशांनी २०२२ मध्ये ठरवलंय. मग उरलेला वायू हवेतूनच परत काढायचा.

आइसलँडमध्ये २०२१ पासून 'ऑर्का' कारखाना हेच करतो. पंख्यांनी हवा ओढायची, वायू पकडायचा, पाण्यात विरघळवून जमिनीखालच्या बेसॉल्टमध्ये सोडायचा. तिथे त्याचा दगड होतो. बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण. ऑर्काची क्षमता वर्षाला ४,००० टन. म्हणजे जेमतेम साडेबाराशे टन इंधनाचा वायू, तोही वर्षभर पंखे फिरवून, कारण हवेत तो दहा हजारांत फक्त चार.

म्हणून माझं म्हणणं ठाम आहे: आधी इंधन वाचवा, मगच उरलेलं हवेतून काढा. आधी वाचवा. आणि काढण्याचा खर्च तिकिटातच धरा, पुढच्या पिढीवर ढकलू नका. झाडं लावा, जरूर लावा, पण झाड जळलं की वायू परत हवेत. दगड झालेला तसा निसटत नाही.

घरात चुना असेल तर मोठ्यांनी निवळी काढून द्या, मुलांना फुंकू द्या. ओढायचं नाही, फक्त फुंकायचं. आणि एक बशी खिडकीत ठेवा.