बाकावरचा खेळाडू कधी चुकत नाही

मित्रहो,

फुटबॉलचा सामना सुरू व्हायच्या तासभर आधी संघाची यादी येते. तिच्यात अकरा नावं असतात, पण आपण आधी शोधतो ते नसलेलं नाव. ‘त्याला का बसवलं?’ चेंडूला अजून कुणाचा पायही लागलेला नसतो आणि जगभर हा प्रश्न सुरू झालेला असतो. मीही तो वर्षानुवर्षं विचारत आलोय. आज त्याच प्रश्नाबद्दल बोलायचंय, आणि त्याच्या दोन भावंडांबद्दल: ‘त्याला का विकलं?’ आणि ‘तो आपल्याला सोडून का गेला?’

आधीच एक स्पष्ट करतो. ‘चाहत्यांना काय कळतंय’ असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी इथे उभा नाही. क्लबचे मालक बदलतात. प्रशिक्षक दोन-तीन वर्षांत निघून जातो. खेळाडूचा करार संपतो. चाहता मात्र तिथेच असतो, वडिलांचा संघ मुलाकडे येतो. एप्रिल २०२१मध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी स्वतःची वेगळी ‘सुपर लीग’ काढायचं जाहीर केलं, तेव्हा मोठमोठ्या हिशेबनीसांना जे दिसलं नाही ते रस्त्यावर उतरलेल्या चाहत्यांना दिसलं. ज्या स्पर्धेतून बाहेर पडायची भीतीच नाही, तिच्यात जिंकण्याला अर्थ उरत नाही. दोन दिवसांत इंग्लंडचे सहाच्या सहा क्लब मागे फिरले. तेव्हा चाहत्याच्या मताला वजन आहे, हे मी मानूनच चालतो. पण हेच मत संघनिवडीच्या वेळी इतकं का घसरतं, याचा विचार व्हायला हवा.

ब्राझीलचा स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा, रोमारिओ याचं उदाहरण घेऊ. मला ते फार आवडतं, कारण तोच माणूस, तोच देश, तीच मागणी, आणि दोन वेळा दोन वेगळे निकाल. १९९३ साली ब्राझीलचे प्रशिक्षक होते कार्लोस अल्बेर्टो परेरा. रोमारिओशी त्यांचं बिनसलं होतं, त्याला त्यांनी संघाबाहेर ठेवलं होतं. विश्वचषकाची पात्रता फेरी गळ्याशी आली, लोकांनी त्याच्या नावाचा घोशा लावला, आणि सप्टेंबरात उरुग्वेविरुद्धच्या निर्णायक सामन्यासाठी त्याला बोलावणं गेलं. माराकानावर ब्राझील २-० जिंकलं. दोन्ही गोल रोमारिओचे. पुढच्या वर्षी त्याने पाच गोल केले आणि ब्राझीलने चोवीस वर्षांनी विश्वचषक जिंकला. लोक बरोबर होते, असं म्हणायला कुणाची हरकत नसावी.

आता २००२. प्रशिक्षक लुईझ फेलिपे स्कोलारी, रोमारिओ छत्तीस वर्षांचा. मागणी पुन्हा तीच, आवाज त्याहून मोठा. आणि ती पोकळ नव्हती, तो देशातल्या लीगमध्ये भरपूर गोल करत होता. रोमारिओ पत्रकारांसमोर रडला. स्कोलारी हलले नाहीत. त्याऐवजी त्यांनी भरवसा ठेवला तो गुडघ्याच्या दुखापतींमुळे जवळपास दोन वर्षं मैदानाबाहेर राहिलेल्या रोनाल्डोवर. त्याने आठ गोल केले, त्यातले दोन अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध. ब्राझीलने सातच्या सात सामने जिंकले.

यातून ‘लोक चुकले’ असा निष्कर्ष काढायची घाई मी करणार नाही. रोमारिओ असता तरी ब्राझील जिंकलं असतं, कदाचित. ते कुणालाच सिद्ध करता येणार नाही, आणि नेमकं हेच चाहत्याच्या सोयीचं असतं. मैदानात उतरलेला खेळाडू पास चुकवतो, दमतो, संधी घालवतो. बाकावर बसलेला काहीच चुकवत नाही. आपल्या मनात तो प्रत्येक चेंडू गोलात घालत असतो. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं बाकावरच्या खेळाडूला मणभर गोल. म्हणून संघ हरला की न खेळवलेल्याची किंमत वाढते आणि जिंकला की त्याची आठवणही कुणी काढत नाही.

दुसरी गोष्ट. आपण नावं निवडतो, प्रशिक्षक जोड्या निवडतो. डाव्या बाजूचा बचावपटू सारखा पुढे धावणार असेल, तर त्याच्यामागची मोकळी जागा राखणारा मधल्या फळीत लागतो. एक स्ट्रायकर जागचा हलत नसेल, तर दुसऱ्याला त्याच्याही वाट्याचं पळावं लागतं. हे सगळं आठवडाभराच्या सरावात ठरतं, आणि आपल्याला दिसतात नव्वद मिनिटं. मांडीचा स्नायू आखडलाय, रात्रभर झोप नाही, कुणाचं कुणाशी पटत नाही, यातलं काहीच आपल्यापर्यंत येत नाही.

२००६चा बर्लिनमधला सामना मी आजही विसरू शकत नाही. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, अर्जेंटिना विरुद्ध जर्मनी. आयालाच्या गोलमुळे अर्जेंटिना एका गोलने पुढे. बाहत्तराव्या मिनिटाला अर्जेंटिनाचे प्रशिक्षक पेकरमन यांनी चाली रचणाऱ्या रिकेल्मेला काढून बचावाकडे लक्ष देणाऱ्या कांबियासोला आणलं, मग क्रेस्पोच्या जागी क्रूझ आला. लगेच क्लोजेने बरोबरी साधली, आणि पेनल्ट्यांवर अर्जेंटिना बाहेर पडली. एकोणीस वर्षांचा मेस्सी सबंध वेळ बाकावर. त्या रात्री मी रागाने थरथरत होतो. पेकरमन यांना फुटबॉल कळत नाही, हे माझं ठाम मत होतं आणि ते मी कित्येक वर्षं भेटेल त्याला ऐकवलं. पुढे कधीतरी तो सामना पुन्हा पाहिला आणि एक गोष्ट नव्याने दिसली. रिकेल्मेला काढण्याच्या अगदी आधी अर्जेंटिनाचा गोलरक्षक अबोंदांझिएरी जखमी होऊन बाहेर गेला होता. तेव्हा बदल तीनच करता यायचे, पाच नव्हे. त्यातला एक गोलरक्षकाने खाल्ला. उरले दोन, आघाडी एका गोलची, आणि यजमानांचा धडाका वाढत चाललेला. पेकरमन यांचा निर्णय मला आजही पटत नाही. क्रूझऐवजी मेस्सीच यायला हवा होता, हे मी आजही म्हणेन. पण त्यांच्यापुढचा पेच मला इतकी वर्षं दिसलाच नव्हता. मी त्यातला सोयीचा भाग तेवढा लक्षात ठेवला होता.

फ्रान्सचे प्रशिक्षक एमे जाके यांचं तर याहून वाईट झालं. कांतोना आणि जिनोला या लाडक्या खेळाडूंशिवाय त्यांनी संघ बांधला म्हणून क्रीडा दैनिक ‘लेकिप’ने त्यांना सोडलं नाही, विश्वचषकाच्या तोंडावरही. १२ जुलै १९९८ला फ्रान्सने ब्राझीलला ३-० हरवलं. जाके यांनी त्यानंतरही त्या लोकांना माफ केलं नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. निवडीवर टीका करावी. माणसाची लायकी काढू नये.

आता खरेदी-विक्रीकडे येतो. इथे आपला राग बहुतेक वेळा खेळाडूवर निघतो. ‘पैशासाठी गेला.’ पण निर्णय कुणाचा होता हे आपण विचारतच नाही. क्लबच्या वह्यांमध्ये काय चालतं ते थोडं सांगतो, कारण ते कळलं की बरीच कोडी सुटतात. समजा एखाद्या क्लबने पाच वर्षांच्या करारावर १०० दशलक्षांना खेळाडू घेतला. हिशेबात ते १०० एकदम खर्ची पडत नाहीत, दरवर्षी वीस-वीस पडतात. उलट विकताना आलेली रक्कम, उरलेली किंमत वजा करून, त्याच वर्षी नफा म्हणून दिसते. आणि क्लबच्या अकादमीत वाढलेल्या पोराची खरेदीची किंमत वहीत शून्यच असते. तो विकला की जवळपास सगळा पैसा नफा. खर्चावर मर्यादा घालणारे नियम आले तसे हे आकडे मालकांना फार गोड वाटू लागले. २०२३ साली युएफाने, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलच्या नियामक संघटनेने, ही वाटणी जास्तीत जास्त पाच वर्षांपुरती मर्यादित केली, कारण काही क्लब सात-आठ वर्षांचे करार करून खर्च पातळ करत होते. म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत वाढलेला, आपलं गाणं आपल्याबरोबर म्हणणारा मुलगा विकायला हिशेबाच्या दृष्टीने सगळ्यात सोपा. मला हे भयंकर वाटतं. नियम बनवणाऱ्यांनी काटकसर शिकवायला निघून क्लबांना स्वतःचीच पोरं विकायला शिकवलं. चाहत्याने ओरडायचं असेल तर इथे ओरडावं.

विक्री प्रत्येक वेळी वाईटच असते असं मात्र नाही. जानेवारी २०१८मध्ये लिव्हरपूलने कुतिन्योला बार्सिलोनाला विकलं, तेव्हा क्लबची महत्त्वाकांक्षा संपली म्हणून किती जणांनी कपाळावर हात मारला! त्याच महिन्यात ७५ दशलक्ष पौंडांचा व्हॅन डाइक संघात आला, उन्हाळ्यात गोलरक्षक ॲलिसन आला. ७ मे २०१९ला लिव्हरपूलने आधीच्या सामन्यातली तीन गोलांची पिछाडी भरून काढत बार्सिलोनाला ४-० हरवलं, आणि समोरच्या संघात कुतिन्यो होता. उलट मिलानने २०११ साली बत्तीस वर्षांच्या पिर्लोला जाऊ दिलं. युव्हेंटसने त्याला फुकटात घेतलं, आणि पुढची चारही वर्षं इटलीचं विजेतेपद त्यांच्याकडे राहिलं, त्यातलं पहिलं एकही सामना न हरता. मिलानच्या चाहत्याने पिर्लोवर चिडून काय उपयोग? दार त्याने उघडलं नव्हतं.

हे मला जुन्या खेळाडूंच्या बाबतीत सगळ्यात जास्त जाणवतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, आणि काल बाब्या असलेला आज पलीकडची जर्सी घालून आला की तो कार्ट्याहूनही वाईट. डेनिस लॉची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण चुकीची. २७ एप्रिल १९७४, ओल्ड ट्रॅफर्ड. मँचेस्टर सिटीकडून खेळणाऱ्या लॉने टाचेने चेंडू मागे ढकलला, गोल झाला, आणि ज्या मँचेस्टर युनायटेडसाठी त्याने २३७ गोल केले होते ती दुसऱ्या श्रेणीत गेली. आजही लोक म्हणतात, लॉने युनायटेडला खाली ढकललं. खरं तर खाली जाण्यापासून वाचायला धडपडणाऱ्या बर्मिंगहॅमनेही त्याच दिवशी आपला सामना जिंकला होता. लॉचा गोल झाला नसता तरी युनायटेड खाली जाणारच होती. शिवाय आदल्या वर्षी त्याला मोकळं केलं होतं ते युनायटेडनेच. गोल झाल्यावर सहकारी पाठ थोपटायला धावले, आणि हा हात खाली सोडून उभा. लगेच त्याला बाहेर काढलं. क्लबच्या लीगमधला तो त्याचा शेवटचा सामना ठरला.

लुईस फिगोचं प्रकरण वेगळं, हे मान्य करायला हवं. २००० साली बार्सिलोनाचा हा लाडका थेट रेआल माद्रिदला गेला, आणि सही त्याने स्वतः केली. तो परत आला तेव्हा बार्सिलोनाच्या काम्प नोऊ मैदानाने त्याची हुर्यो उडवली ती मी समजू शकतो. नोव्हेंबर २००२मध्ये कॉर्नर घ्यायला गेला असता त्याच्यावर बाटल्या आल्या, डुकराचं मुंडकं आलं, सामना पंधराएक मिनिटं थांबवावा लागला. ते मी समजू शकत नाही, समजून घ्यायची इच्छाही नाही. आणि तिथेही विसरू नये की फिगोला आणायचं आश्वासन देऊन फ्लोरेंतिनो पेरेझ माद्रिदच्या अध्यक्षपदाची निवडणूक जिंकले होते. त्यांना जे हवं होतं ते मिळालं. बाटल्या झेलल्या फिगोने.

फ्लॉरेन्सच्या लोकांनी मात्र एकदा राग योग्य दारात नेला. मे १९९०मध्ये त्यांच्या क्लबने, फियोरेन्टिनाने, रॉबेर्तो बाज्जोला युव्हेंटसला विकलं, तेव्हाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या रकमेला. तेही युव्हेंटसला, ज्यांचं नावही त्या शहरात घेववत नाही! लोक क्लबच्या कचेरीवर चालून गेले. दोन दिवस दंगल झाली, माणसं जखमी झाली. त्या हिंसेचं समर्थन मी करत नाही. पण कोणी विकलं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

पुढच्या एप्रिलमध्ये बाज्जो युव्हेंटसच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीत फ्लॉरेन्सच्या मैदानावर आला. फियोरेन्टिना एका गोलने पुढे असताना युव्हेंटसला पेनल्टी मिळाली. पेनल्ट्या घ्यायचा तो बाज्जो. त्याने नकार दिला. समोरचा गोलरक्षक मारेजिनी मला पुरता ओळखतो, असं कारण त्याने दिलं. दे अगोस्तिनीने ती मारली, आणि मारेजिनीने अडवली. थोड्या वेळाने बाज्जोला बाहेर बोलावलं. तो कडेने चालत निघाला असताना प्रेक्षकांतून फियोरेन्टिनाच्या रंगाचा एक जांभळा मफलर त्याच्यासमोर येऊन पडला. तो वाकला, मफलर उचलला, आणि हातात धरून आत गेला. सामना फियोरेन्टिनाने १-० जिंकला.