इटा कॅरिनी: धुळीआडचं जोडपं

(पडद्यावर: काळोखं आकाश, दक्षिण क्षितिजालगत आकाशगंगेचा पट्टा)

१६ डिसेंबर १८३७ची रात्र. केप टाउनजवळ मुक्काम ठोकून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल दक्षिणेचं आकाश नोंदवत होते. चार वर्षं होत आली होती. कुठला तारा केवढा, हे त्यांना पाठ होतं. त्या रात्री मात्र ओळखीच्या जागी एक तारा भलताच झगझगीत दिसला. इटा कॅरिनी.

मार्च १८४३मध्ये तर त्यानं अगस्तीलाही मागे टाकलं. वरचढ उरला तो एकटा व्याध. व्याध आपल्यापासून जेमतेम साडेआठ प्रकाशवर्षं, आणि हा साडेसात हजार! मग तो मंदावत गेला, इतका की नुसत्या डोळ्यांना दिसेना. विझला नव्हता. स्वतःच ओकलेला वायू थंडावून त्याची धूळ झाली, आणि तिच्याआड तो झाकला गेला.

(पडद्यावर: हबल दुर्बिणीनं टिपलेला तेजोमेघ)

हीच ती धूळ. भुईमुगाच्या शेंगेसारखे दोन फुगे, अजूनही सेकंदाला साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास वेगानं पसरताहेत. निदान दहा सूर्यांचा ऐवज उधळूनही तारा शाबूत राहिला, याचं नवल जास्त.

पण तारा एकच? ब्राझीलचे खगोलशास्त्रज्ञ आउगुस्तो दामिनेली यांच्या लक्षात आलं, की त्याच्या वर्णपटातली, म्हणजे रंगारंगांत फोडलेल्या उजेडातली, हेलियमची एक रेषा दर साडेपाच वर्षांनी फिकी पडते आणि परत येते. एवढा वक्तशीरपणा एकट्या ताऱ्याचा नव्हे. कुणीतरी फेऱ्या घालतंय. पुढची वेळ त्यांनी आधीच सांगून ठेवली: १९९७ची अखेर. रेषा खरंच मावळली, क्ष-किरणही एकदम घटले.

थोरला सुमारे शंभर सूर्यांच्या वजनाचा, धाकटा तिसाच्या आसपास. दोघांचा मिळून उजेड पन्नास लाख सूर्यांचा. कक्षा चांगलीच लांबुळकी: एरवी दोघांत सूर्य-नेपच्यूनएवढं अंतर, जवळ आले की सूर्य-मंगळाएवढंच. दोघांच्या अंगातून सतत वायू वाहतो, तो त्यांचा वारा. थोरल्याचा वारा दाट आणि संथ. संथ म्हणजे सेकंदाला ४२० किलोमीटर! धाकट्याचा विरळ, पण ३०००. दोन्ही आदळतात तिथला वायू कोट्यवधी अंश तापतो, क्ष-किरण निघतात ते तिथून. जवळून जाताना धाकटा थोरल्याच्या दाट वाऱ्यात बुडतो, आणि काही आठवडे सगळं झाकोळतं.

(पडद्यावर: सावंतवाडीजवळचा माळ, रात्र)

एप्रिलच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास हात लांब करून क्षितिजावर मूठ धरा. दक्षिणेला, मुठीच्या जरासा वर, तो सापडेल. धूळ विरळ होत चाललीय, तसा तो पुन्हा उजळतोय. घरची दुर्बीण लावा हवी तर. ठिपका एकच दिसेल.