नवी मूठ, जुनं पातं

[पात्याचा क्लोज-अप. कॅमेरा अक्षरांवरून सावकाश सरकतो.]

ही अक्षरं नीट बघा. ए, एस, एस, ए, वाय, ई. असई. आपल्या जालना जिल्ह्यातली असई.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथल्या लढाईत मराठ्यांच्या तोफांसमोर इंग्रजांच्या बाजूनं दोन स्कॉटिश पलटणी उभ्या होत्या, ७४वी आणि ७८वी. यातली ७८वी १८८१ साली सीफोर्थ हायलँडर्स या पलटणीत सामील झाली. ही कट्यार त्याच सीफोर्थच्या एका अधिकाऱ्याची. तिकडे हिला डर्क म्हणतात. घर स्कॉटलंडमधलं, नाव आपल्या मातीतलं.

पातं शाबूत आहे. मूठ मात्र गेली.

[तडा. आतमध्ये गंजाची रेघ.]

वरच्या टोपीपासून कमरेपर्यंत लाकूड उभं फाटलंय. वर्षानुवर्षं ही डर्क गरम खोलीत भिंतीवर टांगलेली होती. लाकूड सुकत गेलं, आकसलं. आतलं लोखंड आकसत नाही. मग लाकडालाच फाटावं लागलं.

[म्यान. छोटी सुरी आणि काटा बाहेर येतात.]

म्यानाच्या अंगावर दोन छोटे खण आहेत. एकात सुरी, दुसऱ्यात काटा. डर्क नुसती लढायची नव्हती, जेवायलाही बसायची. हायलँडचा, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला माणूस तिच्यावर हात ठेवून शपथ घ्यायचा. १७४६ साली कलोडनच्या लढाईत हायलँडच्या कुळांचा सरकारी फौजेकडून पराभव झाला आणि शस्त्रं बाळगण्यावर कायद्यानं बंदी आली. पुढे पलटणींच्या गणवेशात ती परत दिसू लागली, आणि नटत गेली.

आता मुठीचा आकार बघा. आपल्या तलवारीसारखी परज इथे नाही. पात्याला लागून दोन फुगीर खांदे, मध्ये निमुळती कंबर, वर चपटी टोपी. बोटं खांद्यावर अडकतात, तळहात टोपीखाली बसतो. म्हणून मूठ हाताच्या मापाची लागते. सैल झाली तर हात फिरतो.

[टेबलावर कागद. पेन्सिलीनं काढलेला पंजा.]

हा पंजा आताच्या मालकिणीचा. ती बॅगपाइप वाजवते आणि समारंभात ही डर्क कमरेला लावते. जुनी मूठ तिच्या हाताला जाड व्हायची. नवी मूठ तिच्या मापाची हवी, एवढंच तिचं म्हणणं.

[कार्यशाळा. काळा ठोकळा.]

हे लाकूड ओकचं. रंग लावलेला नाही. हजारो वर्षं दलदलीत गाडलं गेलेलं ओकचं खोड आहे हे. ओकमध्ये टॅनिन असतं, दलदलीच्या पाण्यात लोह. दोन्ही भेटले की काळा रंग. हिरड्याच्या काढ्यात गंजका खिळा टाकून शाई करायचे, ती हीच किमया. हे लाकूड बाहेर काढलं की घाई चालत नाही. सावकाश, वर्षानुवर्षं सुकवावं लागतं, नाहीतर पुन्हा तडा.

[टोपी निघते. कानस चालते.]

टोपीखाली पात्याचं शेपूट दिसतं. ते मुठीतून आरपार जातं आणि वरच्या टोकाला ठोकून पसरवलेलं असतं. मूठ काढायची तर हे पसरलेलं टोक घासून काढणं भाग आहे. इथे दोनतीन मिलिमीटर लोखंड कायमचं जातं. म्हणून कारागीर आधी मोजतो, मग कानस हातात घेतो. नवी मूठ तेवढीच आखूड होणार.

आत जुनी राळ आहे. कोमट करून ती मऊ केली जाते. पात्यावर ओलं फडकं गुंडाळलेलं दिसतंय, उष्णता तिथवर पोचली तर पोलादाचं पाणी उतरेल.

[मेणबत्ती. शेपटाला काजळी धरते.]

हे बघताना मला आमच्या गावचा सुतार आठवला. ठोकळ्यात दोन्ही बाजूंनी भोक पाडलंय, पण शेपूट गोल नाही, चपटं आहे, वर निमुळतं होत जाणारं. मग कारागीर शेपटाला काजळी धरतो. ते भोकात घालतो, बाहेर काढतो. आत जिथे काळा डाग उमटला, तिथे लाकूड अडतंय. बारीक कानशीनं तेवढंच घासायचं. काळ्या लाकडावर काळा डाग, म्हणून बॅटरीचा उजेड तिरका धरलाय. पुन्हा काजळी, पुन्हा घाल, पुन्हा काढ. अकरा वेळा मी मोजलं, नंतर मोजणं सोडलं.

हल्ली बाजारात मिळणाऱ्या कितीतरी डर्कच्या मुठी साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या असतात. त्यावरची नक्षी पहिल्या नजरेत फसवते. पण साच्याला हात माहीत नसतो.

[पटाशी. वेणीची नक्षी.]

नक्षी दोरीच्या वेणीसारखी. प्रत्येक पदर एकदा वरून, एकदा खालून जातो, आणि कुठेच संपत नाही. एका ठिकाणी चूक झाली की पुढचा प्रत्येक पदर चुकतो. पेन्सिलीनं आखणी, मग उभा छेद, मग खालच्या पदराला पटाशीनं उतार. पदर जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे जुन्या मुठीचेच चांदीचे बारीक खिळे परत बसतात. हरवलेला एकच होता.

टोपीतला खडाही जुनाच. केअर्नगॉर्म, त्याच नावाच्या डोंगरातला धुरकट पिवळा क्वार्ट्झ.

[निवेदन थांबतं. फक्त हातोडीचा आवाज.]

मूठ बदलली की अशा डर्कची संग्राहकांच्या लेखी किंमत उतरते. मालकिणीला ते सांगितलं होतं. तिला विकायची नाही. तुटलेली मूठ कापडात गुंडाळून म्यानाबरोबर ठेवली आहे. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून डर्क लावायला स्कॉटलंडचा कायदा मुभा देतो.

[जवसाचं तेल. लाकूड गडद होतं.]

तेलाचा पहिला हात. बोटानंच, फडक्यानं नाही.

[कागदावरचा पंजा. त्यावर तिचा हात. हातात मूठ.]

आता खांद्यावर बोट बघा. फट उरलेली नाही.