कोऱ्या नळीतलं शिसं

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी भूरसायनशास्त्राबद्दल बोलणार आहे. दगड, पाणी, बर्फ, माती, उल्का यांत कोणतं मूलद्रव्य किती आहे, त्याचे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, कोणत्या प्रमाणात आहेत, हे मोजायचं आणि त्या आकड्यांवरून त्या वस्तूवर आजवर काय काय गुजरलं ते वाचायचं, असं हे शास्त्र. या विषयात एमएस्सी करणारे, पीएचडीला लागलेले किंवा ती नुकतीच संपवून पुढे काय या विचारात असलेले जे कुणी ऐकत असतील, त्यांच्याशी मुख्यतः बोलायचं आहे. पण आधी एक जुनी हकिगत सांगते. ती कळली की आजच्या बातम्या वेगळ्या ऐकू येतात.

१९४० च्या दशकाच्या शेवटी शिकागो विद्यापीठात क्लेअर पॅटरसन नावाचा तरुण पीएचडी करत होता. काम ऐकायला सोपं होतं. झिर्कॉन या खनिजाच्या बारीक कणांत शिसं किती आहे ते मोजायचं. त्याच कणांतलं युरेनियम त्याचा सहकारी जॉर्ज टिल्टन मोजत असे. युरेनियमचं हळूहळू शिशात रूपांतर होतं, त्याचा वेग ठरलेला असतो, म्हणून दोन्ही आकडे हाती आले की खडकाचं वय निघतं. टिल्टनचे आकडे जुळायचे. पॅटरसनला मात्र शिसं हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त सापडायचं, आणि प्रत्येक वेळी वेगळं.

ते शिसं झिर्कॉनमधलं नव्हतंच. ते खोलीतल्या धुळीत होतं, पाण्यात होतं, काचेच्या भांड्यांत होतं, बाटलीतल्या आम्लात होतं, त्याच्या कपड्यांवर आणि केसांत होतं. पॅटरसननं पुढची काही वर्षं हे शिसं हाकलण्यात घालवली. आम्लं पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केली, भांडी उकळून धुतली, आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत गाळलेल्या हवेची बंदिस्त प्रयोगशाळा उभी केली. १९५६ मध्ये त्यानं उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय छापलं: ४.५५ अब्ज वर्षं, सात कोटी इकडे किंवा तिकडे. जवळजवळ सत्तर वर्षं झाली, तो आकडा फारसा हललेला नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट त्याच्या पुढच्या कामात आहे. इतकं शिसं सगळीकडे आलं कुठून, हा प्रश्न त्यानं सोडला नाही. समुद्राच्या वरच्या थरात शिसं जास्त, खोल पाण्यात कमी. ध्रुवीय बर्फाच्या जुन्या थरांत कमी, नव्या थरांत कितीतरी जास्त. म्हणजे ते अलीकडचं होतं, आणि त्याचा मोठा वाटा पेट्रोलमध्ये घातल्या जाणाऱ्या शिशाच्या संयुगाचा होता. १९६५ मध्ये त्यानं हे स्पष्ट लिहिलं, त्याबद्दल त्रास सोसला, तरी मागे हटला नाही. वाहनांसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तिथलीही विक्री २०२१ मध्ये थांबली. तोवर पॅटरसनला जाऊन पंचवीसहून अधिक वर्षं झाली होती. नमुन्यातली जी भेसळ काढून टाकायची होती, तिचाच त्यानं अभ्यास केला. मला हा माणूस फार जवळचा वाटतो तो यामुळे.

आमच्या प्रयोगशाळांत एक शब्द दिवसभर कानावर पडतो: ब्लँक. नमुना न घालता केलेला अख्खा प्रयोग म्हणजे ब्लँक. तेच आम्ल, तेच भांडं, मूलद्रव्यं वेगळी करणारा तोच रेझिनचा स्तंभ, तेवढेच तास, फक्त दगड नाही. शेवटी त्या कोऱ्या नळीत जे काही निघतं ते तुम्ही स्वतः आणलेलं असतं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी स्ट्रॉन्शियमचे समस्थानिक मोजत होते आणि ब्लँक दर खेपेला न करता आठवड्यातून एकदा करत होते. आम्लाची एक नवी बाटली वापरात आली, तिच्यात स्ट्रॉन्शियम होतं, आणि हे मला उशिरा कळलं. कोणती खेप चांगली, कोणती खराब, हे सांगायला माझ्याकडे पुरावाच नव्हता. तीन महिन्यांची मोजमापं रद्द करावी लागली. त्या दिवसापासून ब्लँकशिवाय एकही खेप केली नाही.

आता बातम्या.

२०२० च्या डिसेंबरमध्ये जपानच्या हायाबुसा-२ यानानं र्‍युगू या लघुग्रहावरून सुमारे ५.४ ग्रॅम माती आणली. २०२४ मध्ये त्यातल्या एका कणाबद्दल एक शोधनिबंध आला. त्या कणावर सूक्ष्मजीव दिसले होते. तंतूंसारखे, काड्यांसारखे आकार. विचार करा, किती मोठी बातमी होऊ शकली असती! पण त्या संशोधकांनी दिवसांच्या अंतरानं ते आकार पुन्हा पुन्हा मोजले. संख्या वाढली, मग घटली. पृथ्वीवरचे जिवाणू जसे वाढतात, अगदी तसं. निष्कर्ष त्यांनी सरळ लिहिला: हे जीव इथलेच, कण इथल्या हवेत उघडल्यावर शिरलेले. इतकी काळजी घेऊन आणलेल्या कणातही पृथ्वी इतक्या लवकर घर करते, हे त्या निबंधाचं मोल. मी तो माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात वाचायला देते.

दुसरी बातमी बेन्नू या लघुग्रहाची. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाची कुपी २४ सप्टेंबर २०२३ रोजी पृथ्वीवर उतरली. आत १२१.६ ग्रॅम माती होती. ती नायट्रोजनमध्ये ठेवली गेली, हवेचा ओलावा लागू दिला नाही. जानेवारी २०२५ मध्ये निष्कर्ष आले. त्या मातीत क्षार सापडले, खारं पाणी हळूहळू आटत गेल्यावर एकामागून एक साचतात तसे. मिठाचंच खनिज, सोडियम कार्बोनेटची खनिजं. असे क्षार ओलाव्यानं सहज विरघळतात. उल्का जमिनीवर पडून राहिली तर ते टिकणं कठीण. म्हणजे नायट्रोजनच्या त्या पेटीनंच हा शोध वाचवला.

त्याच मातीत सजीव वापरतात त्या २० अमिनो आम्लांपैकी १४ सापडली, आणि डीएनए-आरएनए घडवणारे पाचही नत्रयुक्त रेणू सापडले. मग प्रश्न तोच: हे खरंच तिथलं की आपलं? इथे निसर्गानंच एक खूण ठेवली आहे. अमिनो आम्लांचे डावे आणि उजवे असे दोन प्रकार असतात, डाव्या-उजव्या हातासारखे. पृथ्वीवरचे सजीव आपल्या प्रथिनांत जवळजवळ फक्त डावे वापरतात. बेन्नूच्या मातीत दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात निघाले. कुणाच्या बोटाचा स्पर्श झाला असता तर डावे वरचढ झाले असते.

चंद्राकडूनही बरंच काही येत आहे. जून २०२४ मध्ये चांग-ए ६ यानानं चंद्राच्या पलीकडच्या बाजूचे पहिले नमुने आणले, १,९३५.३ ग्रॅम. त्यातला बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला काळा खडक, सुमारे २.८ अब्ज वर्षांपूर्वीचा निघाला. चांद्रयान-३ च्या प्रग्यान रोव्हरनं जागेवरच मातीतली मूलद्रव्यं मोजली. तो १०३ मीटर फिरला आणि त्या वाटेवर त्यानं २३ ठिकाणी मोजमापं केली. एके काळी चंद्रावर वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, या कल्पनेला त्यातून आधार मिळाला. आणि जानेवारी २०२५ मध्ये अंटार्क्टिकात युरोपीय संशोधकांनी २,८०० मीटर खोल भोक पाडून तळाच्या खडकापर्यंतचा बर्फ काढला. त्यात किमान १२ लाख वर्षांची हवा बुडबुड्यांत अडकलेली आहे. ती मोजायला आता हात लागतील, तरुण हात.

पण नोकरीच्या नव्या जागा फक्त आकाशातल्या दगडांवर नाहीत. त्या जमिनीवरच्या बेसॉल्टवरही आहेत.

आइसलँडमध्ये कार्बफिक्स नावाचा प्रयोग झाला. २०१२ मध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टच्या थरांत सोडला. बेसॉल्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह त्या आम्लधर्मी पाण्यात उतरतं, कार्बनशी जोडलं जातं, आणि वायूचा दगड होतो. याला शेकडो-हजारो वर्षं लागतील अशी पूर्वी समजूत होती. २०१६ मध्ये निकाल छापला: ९५ टक्क्यांहून जास्त वायू दोन वर्षांच्या आत दगड झाला होता. हे कळलं कसं? वायूबरोबर कार्बन-१४ सारखे खुणेचे पदार्थ सोडले होते, आणि निरीक्षण विहिरीतून काढलेल्या पाण्यात त्यांचा हिशेब ठेवला होता. त्या विहिरीतला पंप एक दिवस बंद पडला. वर काढला तर त्यावर कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज, साचलेलं. तपासलं, तेव्हा त्यातला कार्बन वरून सोडलेल्या वायूचाच निघाला.

आता याच रसायनाची दुसरी वाट चर्चेत आहे. बेसॉल्टची बारीक भुकटी शेतजमिनीत पसरायची आणि पावसाच्या पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडनं तिचं विदारण, म्हणजे हळूहळू विरघळून झिजणं, होऊ द्यायचं. वायू बायकार्बोनेट होऊन पाण्याबरोबर जातो. अनेक कंपन्या यात उतरल्या आहेत आणि प्रत्येक टन कार्बनचे पैसे घेतात. पण टन मोजायचा कसा? माती जागोजाग वेगळी. एक पद्धत अशी: टायटॅनियम मातीतून सहसा हलत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियम निघून जातं. टायटॅनियमवरून किती भुकटी पडली ते काढायचं, कॅल्शियम किती कमी झालं त्यावरून किती विरघळली ते काढायचं. कल्पना सुंदर आहे. अडचण अशी की मोजायचा फरक लहान आणि मातीचा मूळचा चढउतार मोठा. त्यात विरघळून सुटलेलं कॅल्शियम समुद्रापर्यंत गेलं की वाटेत चिकणमातीनं धरून ठेवलं, हाही प्रश्न उरतोच. इथे पैशांचा व्यवहार एका आकड्यावर उभा आहे आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवता येईल का, हे सांगणारी माणसं कमी आहेत. या क्षेत्राला जाहिरात करणाऱ्यांपेक्षा आकडा खोडणाऱ्यांची गरज जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

तर मग नोकऱ्या. विद्यापीठातल्या कायम जागा थोड्या आहेत आणि अर्ज पुष्कळ येतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. पीएचडीनंतर एक ते तीन वर्षांच्या पोस्टडॉकच्या एक-दोन फेऱ्या बहुतेकांना कराव्या लागतात. युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिप किंवा जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप ही मोठी दारं. दोन्हीकडे ज्या प्रयोगशाळेत जायचं तिथल्या संशोधकाची आधी संमती लागते, तेव्हा शेवटच्या तारखेच्या चार-सहा महिने आधी पत्रव्यवहार सुरू करा. दरवर्षी होणारी गोल्डश्मिट परिषद ही या विषयातली सगळ्यात मोठी भेटीची जागा. जिओकेमिकल सोसायटी आणि युरोपियन असोसिएशन ऑफ जिओकेमिस्ट्री मिळून ती भरवतात. तिथे विद्यार्थ्यांना आणि नव्या संशोधकांना प्रवासासाठी मदत आणि मार्गदर्शक मिळण्याची सोय असते. पोस्टरसमोर उभं राहून मारलेल्या गप्पांतून मिळालेल्या पोस्टडॉकच्या जागा मी स्वतः पाहिल्या आहेत.

एका जागेबद्दल मात्र थांबून बोलायचं आहे, कारण तिच्याकडे तरुण मुलंमुली कमीपणानं बघतात. ती म्हणजे प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञाची. मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू वजनावरून वेगळे करून मोजणारं यंत्र, चालवणं, त्याचा आवाज बदलला की ओळखणं, स्वच्छ खोलीतल्या ब्लँकचे आकडे कमी ठेवणं, आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हात धरून शिकवणं. ज्या प्रयोगशाळेतून चांगले निबंध निघतात तिथे असा एक माणूस असतोच. हे काम मागे राहिलेल्यांचं नाही. संग्रह सांभाळणाऱ्यांचंही तसंच. अपोलो १७ नं १९७२ मध्ये चंद्रावर सीलबंद केलेली एक नळी २०२२ मध्ये उघडली. मधली पन्नास वर्षं कुणीतरी ती जपली. बेन्नूच्या मातीचाही बहुतांश भाग असाच पुढच्या पिढ्यांसाठी ठेवला आहे.

याशिवाय लिथियम आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा शोध, भूजलातलं आर्सेनिक, अणुकचऱ्याच्या साठवणीच्या जागा, प्रदूषण कुणाचं हे ठरवणारी समस्थानिक तपासणी, या सगळ्यांना हेच कौशल्य लागतं. आणि ज्यांच्याकडे सध्या यंत्रच नाही, त्यांच्यासाठी जिओरॉक आणि अर्थकेम हे विदासंग्रह खुले आहेत. जगभरच्या खडकांची विश्लेषणं तिथे आहेत, आणि त्यांवरून चांगलं काम करता येतं. अट एकच, कोणतं मोजमाप किती विश्वासाचं हे आधी पारखून घ्या.

अर्जाबद्दल शेवटचं सांगते. पत्रात ‘मला या विषयाची आवड आहे’ हे वाक्य सगळेच लिहितात. कोणतं मूलद्रव्य कोणत्या यंत्रावर मोजलंत, तुमचा ब्लँक किती होता आणि ज्ञात मानक नमुन्याचा आकडा किती जुळला, हे तीन ओळींत लिहा. काही वर्षांपूर्वी मी एका निवड समितीवर होते. आम्ही प्रत्येकाला विचारलं, तुम्ही कोणती मोजमापं टाकून दिलीत? बरेचजण गडबडले. एका मुलीनं पिशवीतून वही काढली, पान उघडून टेबलावर ठेवलं. अकरा नमुने, लाल रेघेनं खोडलेले, आणि समासात तारीख, आम्लाच्या बाटलीचा क्रमांक आणि ब्लँकचा आकडा. समितीतले एक वयस्कर प्राध्यापक ते पान बराच वेळ वाचत राहिले. मग त्यांनी विचारलं, “बाटलीचं पुढे काय केलंत?” ती म्हणाली, “ठेवली आहे, सर. त्यातलं शिसं कुठून आलं ते मला शोधायचं आहे.”

नमस्कार.